न बोलणारं इंजिन

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी केरू माळनाक्याच्या चढाखाली गाड्याच्या मागच्या चाकाशी वाकून उभा होता. हातात फणसाच्या लाकडाचा ठोकळा. साल १९३४, महिना मार्च.

गाड्यावर भाताच्या गिरणीचा बॉयलर होता; बोटीने आलेला, संगमेश्वरला जायचा. गाड्याला ब्रेक नव्हता. लॉरीने साखळीने ओढायचं आणि ती थांबली की केरूने चाकामागे ठोकळा सारायचा. गेल्या शिमग्यात हेच करताना शिवाचा पाय चाकाखाली गेला. शिवा आता मालकाच्या वखारीच्या दारात बसून काथ्या वळतो.

मालक भिकाजीशेट यांच्याकडे दोन लॉऱ्या. जुनी चार सिलिंडरची, नवी सहाची. निवळीच्या घाटात कोणती न्यायची, ते आज ठरणार होतं. या चढावर कोणती किती तारेचे खांब गाठते, ते शेट मोजणार होते.

आधी जुनी. चौथ्या खांबाशी तिचा आवाज जड झाला, मग घोगरा. केरूने ठोकळा सारला, त्यानंतर लॉरी थांबली. त्याला घाई करावी लागली नाही. पंधरा वर्षं तो मंडणगडाकडे बैलगाड्यांमागे चालला होता. बैल बसायच्या आधी त्याचा श्वास बदलतो, ते ऐकूनच त्याने आपले दोन्ही पाय शाबूत ठेवले होते.

गाडा पुन्हा खाली आणून नवीला जोडला. तिने चौथा खांब सहज मागे टाकला. पाचवा, सहावा. केरू कान देऊन चालत होता. आवाज एकसारखा, शिवणयंत्रासारखा. सातव्या खांबापाशी तो एकदम नाहीसा झाला.

लॉरीचे ब्रेक लॉरीपुरतेच. गाड्याने तिला मागे खेचलं. केरूने ठोकळा टाकला तेव्हा चाक त्याच्या पावलापासून वीतभर होतं. ठोकळा उभा चिरला, पण धरला.

"सात," शेट म्हणाले. "उद्या नवी."

"शेट, ही बोलत नाय," केरू म्हणाला.

"बरंच हाय की," ड्रायव्हर हरिश्चंद्र खाली उतरत म्हणाला. "घरची बोलते तेवढं पुरे."

"हरबा, दम सरायला लागला की भोंगा दाबशील काय?"

हरिश्चंद्राने कपाळ पुसलं. आता तो हसत नव्हता. "मलाच कळला नाय रे. तुला काय कळवू?"

"घाटात जुनी न्या, शेट."

"जुनी चार खांबांत बसली. घाटात खांब किती, मोजलेस?"

केरूने मोजले नव्हते. जुनी बसायच्या आधी सांगते, एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि ते खांबांत मोजता येत नव्हतं.

"मग ठोकळा दोरीने गाड्याला बांधतो. चाकामागे फरफटत येईल."

"मैलभरात झिजून जाईल."

"चार घेईन."

शेटनी चिरलेला ठोकळा पायाने उलटवून पाहिला. "घे. वखारीतलं लाकूड घे."

दुपारी केरू वखारीत ठोकळे तासत बसला. दोरीला काथ्या शिवाने वळून दिला. शिवाने प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली.

उद्या सकाळी साडेसहाला नवी लॉरी बॉयलर घेऊन निवळीच्या घाटाकडे निघेल. केरू उजव्या मागच्या चाकाशी चालेल. एक ठोकळा दोरीला, तीन गाड्यावर.