बॉलस्क्रू आणि आमचे हे

लासूर स्टेशनला मला बघायला आले तेव्हा यांनी माझ्याकडे नंतर पाहिलं. आधी खुर्चीचा हात हलवला आणि म्हणाले, "प्ले आहे याला." प्ले म्हणजे ढिलेपणा, हे मला कुठं ठाऊक! मुलाचं घरी स्वतःचं मशीन आहे, एवढंच वडिलांनी सांगितलं होतं. मी शहाणी! ते शिलाईचं समजून ट्रंकभर ब्लाउजपीस घेऊन गारखेड्यात नांदायला आले. पाहते तर पत्र्याच्या शेडमध्ये म्हशीएवढं लेथ, लोखंड कातायचं. ही बावळट त्याच्याभोवती सुई शोधत फिरली. आता हे नाहीत, म्हणून बिनधास्त सांगते.

जन्मभर यांनी त्या लेथची हँडलं फिरवली. कातताना बोलायचे नाहीत. कुणी शिकायला आलं तर एकच सांगायचे, "डोळ्यानं नाय, कानानं कात. आवाज बदलला की हात मागं."

म्हातारपणी यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. यांनी तोडगा काढला: लेथ कॉम्प्युटरवर चालवायचं, हँडलऐवजी मोटर. यांचे जुने दोस्त सलीमभाई मदतीला आले. हत्यार मागंपुढं सरकवणारे जुने स्क्रू झिजलेले, म्हणून बॉलस्क्रू हवे होते. त्यांच्यात छर्रे फिरतात, चाल हलकी आणि नेमकी. स्क्रूच्या मागं मोटरला जागा नव्हती, म्हणून ती बाजूला ठेवून दातेरी पट्ट्यानं जोडायची.

पण यांचं काही ठरेना. एक स्क्रू जाड, दुसरा आखूड. पट्टा तर म्हणे ताणला जातोच. सलीमभाई प्रत्येक वेळी परत न्यायचे.

"भाभी, उस्ताद स्क्रू देख रहे के लडकी?"

"लडकी बघताना एवढं बघितलं असतं तर मी सुटले असते!"

हे हसले नाहीत. आणि तोवर हातानं कातणं चालूच.

एका दुपारी मी मेथी निवडत होते. शेडमधला आवाज बदलला. धावले. काम पकडणारा चक गरगरत होता आणि कातायचं हत्यार त्याच्याकडं सरकत होतं. यांचा हात हँडलवर, पण थांबेना. धक्के देत पुढंच ढकलत होता.

"अहो, हात मागं!"

ओरडतच मी स्विच पाडला. चक थांबला तेव्हा यांच्या बाहीची चिंधी त्यात गुंडाळलेली होती. हात शाबूत होता. हे स्टुलावर बसले.

"मनगटातच प्ले आलाय गं."

"मग तो स्क्रू ठरत का नाही?"

"बॉलस्क्रू लई हलका. हातानं चालवला तर जागेवर राहत नाय, आपोआप सरकतो. तो बसवला की हँडल काढावं लागतं."

तेव्हा कळलं, एकाही स्क्रूत खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी यांनीच सलीमभाईंना बोलावलं. "पहिला आणलेला आण. पट्टापण."

सलीमभाईंनी पाना उचलला, तो यांनी काढून घेतला. पाना हँडलच्या नटवर बसेना. लोखंडावर नुसता टकटक वाजायचा. सलीमभाई दाराबाहेर बघू लागले. माझा हात दोनदा पुढं गेला, दोनदा मी तो पदराखाली दाबला. शेवटी यांनी डाव्या हातानं उजवं मनगट आवळलं. नट सुटला.

हँडल उतरवून हे क्षणभर तसेच उभे राहिले. मग ते माझ्याकडं दिलं आणि सलीमभाईंना म्हणाले, "हां, आता मोटर कुठं बसवायची ते बोल."