मॅडमचे चार रुमाल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, दिवाळीच्या सुट्टीआधी, पनवेलच्या एका महाविद्यालयात मुलामुलींना मैदानावर रुमालांनी एकमेकांशी बांधण्यात आले. बांधणाऱ्या जीवशास्त्राच्या मॅडम हंगामी होत्या. त्यांना कायम करायचे की नाही, हे त्याच आठवड्यात ठरायचे होते.

त्यांच्या पर्समध्ये नेहमी पुरुषांचे चार रुमाल आणि सुताची दोरी असे. फळ्यावरचे चित्र वर्गाला कळले नाही की त्या म्हणत, "उठा. आपणच होऊ." त्या दिवशी आम्ही प्रथिन झालो. दोरी ही प्रथिनाची साखळी आणि आम्ही तिचे दुवे. ती सगळ्यांनी डाव्या हातात धरायची. ज्या दुव्यांना पाणी नकोसे, त्यांनी आत शिरायचे, बाकीच्यांनी बाहेर राहायचे. चौघे गंधक असलेले दुवे, म्हणजे गंधकवाले; त्यांच्या उजव्या हातात रुमाल. दोघादोघांनी रुमालांची गाठ मारली की गंधकाला गंधक जोडला आणि प्रथिनाची घडी पक्की.

गाठी पडल्या त्या मुलाची मुलाशी आणि मुलीची मुलीशी. पनवेलमध्ये दुसरे काही होणे शक्य नव्हते. दोरी पिळली गेली आणि आत जायचे ते बाहेर उन्हात लटकले. मॅडमनी दोन्ही गाठी सोडल्या, मुलाचा रुमाल मुलीच्या रुमालाला बांधला आणि साखळी आपसूक नीट बसली.

"माणसाच्या पेशीत एक जनुक आहे," त्या म्हणाल्या. "त्यावरून बनणारं एन्झाइम एवढंच करतं. गाठ मारतं, चुकली तर सोडतं, पुन्हा मारतं. काम झालं की स्वतः आहे तसं पुढच्याकडे."

गावात या तासाची बातमी पोचली ती वेगळीच. मुलाखतीला निवड समितीचे चौघे होते: प्राचार्य, सचिव, बेलपाड्याचे जमीनदार दादा आणि एक डॉक्टर. एका रस्त्याच्या आखणीवरून दादा आणि डॉक्टर कित्येक वर्षे बोलत नव्हते. बसलेही होते दोन टोकांना. पुढचे तिथे हजर असलेल्या कारकुनाने सांगितले.

"बाय, तुमी पोरापोरींच्या जोड्या लावता, आमी ऐकलं. खरं हाय का?" दादांनी विचारले.

"हो दादा. चुकल्या तर सोडवतेही."

"समजलं नाय. दाखवा."

मॅडमनी दोरी आणि रुमाल काढले. चौघेही गंधकवाले झाले. दादांनी शेजारच्या प्राचार्यांशी गाठ मारली, डॉक्टरांनी सचिवांशी. मॅडमनी दोन्ही सोडल्या, दोरी वळवून दोन्ही टोके जवळ आणली आणि डॉक्टरांचा रुमाल दादांपुढे धरला. दादांनी आपला रुमाल पुढे केला.

"सायब, घट्ट मारा," दादा डॉक्टरांना म्हणाले. "सुटली तर बाईंची नोकरी जायाची."

डॉक्टरांनी गाठ मारली. मॅडम निकालासाठी थांबल्या नाहीत. त्यांचा तास होता.

त्या कायम झाल्या. दोन्ही रुमाल गाठीसकट दादांच्या खिशातून घरी गेले. पुढच्या रविवारी डॉक्टर मॅडमचे रुमाल परत आणायला बेलपाड्याला दादांकडे गेले आणि जेवून आले.