आईच्या गोळीचं नाव कोणी सांगितलं?

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारा माणूस मी. आयर्लंडमध्ये, कॉर्कमधल्या एका फार्मा प्लांटमध्ये क्वालिटी विभागात आहे, कागद बघितल्याशिवाय सही करत नाही. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

२०२० च्या फेब्रुवारीत आई अकोल्याहून तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली आणि विमानं बंद झाल्याने अडकली. ऑगस्टमध्ये जरा मोकळीक मिळाली म्हणून मी, बायको आणि आई शेजारच्या केरी काउंटीत फिरायला निघालो. तिथल्या ट्रली गावात दुपारी जेवून बाहेर पडताना आईचा पायरीवरून पाय घसरला. डोकं दगडी कठड्यावर आपटलं. बोलत होती, पण असंबद्ध.

कोविडमुळे हॉस्पिटलमध्ये आम्हाला आत सोडेनात. नर्सने दारातच विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी घेतात का?"

"छे! फक्त बीपीची," मी ठामपणे सांगितलं.

पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. "अरे, पाणी तरी पी," बायको म्हणत होती. तासाभराने त्याच नर्सचा फोन.

"तुम्ही लगेच फोन करून गोळीचं सांगितलंत, ग्रँड, फार बरं झालं. डोक्यात रक्तस्राव होता, उताऱ्याचं औषध दिलंय. उशीर झाला असता तर अवघड होतं."

"मी फोन केलाच नाही..."

"मग फोनवरचा तो युअर मॅन, तो माणूस कोण? उच्चार तर तुमच्यासारखाच. गोळीचं नाव, रोज दोनदा, जानेवारीपासून — सगळं सांगितलं त्याने. शेवटी म्हणाला, कुसुमला सांगा, घाबरू नकोस. कुसुम म्हणजे याच ना?"

आईचं नाव मंगला. पासपोर्टवरही तेच. कुसुम नावाचं कोणी मला ठाऊकच नव्हतं.

बायकोने आईची पर्स उघडली. बटव्यात कात्रीने कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे होते. रक्त पातळ करायचीच गोळी!

आई घरी आल्यावर मी चिडलोच. "एवढी गोष्ट लपवलीस? मी तिथे ‘गोळी घेत नाही’ असं सांगून बसलो होतो, आई!"

"तुले सांगतलं असतं त येऊ देल्लं असतं का मले? तिकीटच कॅन्सल केलं असतं तू. डॉक्टरले अन् मले, दोघायलेच माहीत होतं. पुरून उरतीन एवढ्या गोळ्या संगं आनल्या होत्या."

अकोल्याच्या त्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना आई पडल्याचाही पत्ता नव्हता. हॉस्पिटलच्या नोंदीत फोन आल्याची वेळ आहे, नंबर नाही.

मग बिचकत विचारलं, "आई, कुसुम कोण गं?"

तिने हातातला चमचा खाली ठेवला. "मीच ना. माहेरचं नाव माह्यं. लग्नात बदललं, तवापासून सारे मंगलाच म्हनतात. एकटा माहा दादा आयकत नव्हता."

दादामामा मी दोन वर्षांचा असताना गेला. मी नर्सचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आईने ते तीनदा वदवून घेतले आणि पदर डोळ्यांना लावला. "मले कुसुम म्हननारं कोनी राह्यलंच नव्हतं रे..."

मी पुष्कळ डोकं खाजवलं. फोन कोणी केला, हे आईने मात्र एकदाही विचारलेलं नाही. तिची तक्रार वेगळीच आहे — त्या नर्सनं दोन मिनिटं फोन माह्या कानाले काहून नाई लावला?