ताईचा आवाज डी ड्राइव्हमध्ये होता

ताईचा गळा डॉक्टरांनी कापला. आवाज नवऱ्याने घालवला.

त्या दुपारी सेलूच्या घरात आम्ही तिघेही हेच समजून बसलो होतो.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

सुमनताई माझी थोरली बहीण. सेलूला तिचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, व्हिजिटिंग कार्ड. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच ती आतून ओरडायची, "प्रूफ नीट वाचलं काय? नवरदेवाचं नाव चुकलं त मंग मले नाई सांगायचं!"

मग गळ्याचा कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागणार होतं.

ऑपरेशनच्या आधी तिने दुकान बंद ठेवलं आणि माइकसमोर बसली. चहाची वाक्यं, भाजीची, भांडणाची. सगळी बोलून ठेवली.

दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं होतं, एक प्रोग्रॅम आहे. तो या वाक्यांवरून तुमचा आवाज शिकेल. मग तुम्ही टाइप कराल ते तुमच्याच आवाजात बोलेल.

पण तो लिनक्स नावाच्या वेगळ्या सिस्टिमवर चालायचा. ताईच्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं.

रेकॉर्डिंग सगळं डी ड्राइव्हमध्ये. दुसरी कॉपी नाही. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हनी तिला इतके व्हायरस दिले होते, की तिच्या मशीनला पेनड्राइव्ह लावायची बंदी होती. तिला स्वतःलाही.

ऑपरेशन झालं. ताई घरी आली. बोलायला पाटी आणि पेन्सिल.

मी तिला तपासणीला घेऊन गेले, तेव्हा भाऊजींनी बंदी मोडून पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. भाऊजी हिंगणीला शाळेत शिक्षक. विंडोज तसंच ठेवून शेजारी टाकायचं होतं. ताईला सरप्राइज.

आम्ही परतलो तेव्हा स्क्रीन काळी होती. वर इंग्रजीत एक ओळ. असं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा असा भागच, नाही.

खाली कर्सर लुकलुकत होता.

ताईने पाटीवर लिहिलं, 'काय दाबलं?'

"नेक्स्ट."

'त्याच्यानंतर?'

"नेक्स्टच."

मी म्हटलं, "भाऊजी, एका ठिकाणी ते विचारतं. विंडोजच्या शेजारी टाकू, की सगळी डिस्क पुसू? तिथे काय निवडलं?"

"शेजारीच असन."

"असन म्हणजे?"

"शीला, मले नाई आठवून राह्यलं."

ताई लिहायला लागली. पेन्सिल मोडली. उरलेल्या तुकड्याने लिहिलं. एरवी एव्हाना तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असता. आता भाऊजींनी चष्मा शोधला, लावला, वाचलं.

'पोराईले परीक्षेत असं अंदाजे लिहू देता काय?'

"बोल. अजून बोल," भाऊजी म्हणाले.

मग आपण काय म्हणालो ते त्यांना कळलं.

मला यातलं थोडं येतं. कॉलेजच्या ऑफिसात पाहून पाहून शिकलेलं. मी म्हटलं, मशीन भाऊजींच्या त्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करू. डिस्कवर काहीही लिहायचं नाही. आत काय उरलंय ते फक्त पाहायचं.

सुरू झालं. ड्राइव्ह उघडायला गेले.

डी नव्हता. सी नव्हता.

भाऊजी खाली बसले. खुर्ची बाजूलाच होती.

मी तीच खिडकी बंद करत होते, पुन्हा उघडत होते. ताईने माझा हात माउसवरून काढला. बाजूच्या यादीत तळाशी दोन बिननावी डिस्क होत्या. नुसते आकडे, किती जीबी. तिने त्यावर बोट ठेवलं आणि पाटी माझ्यापुढे केली.

'डी आपण म्हणतो त्याले. याले काय माहीत?'

क्लिक.

पत्रिका. फ्लेक्स. जुनी प्रुफं.

आणि 'आवाज' नावाचं फोल्डर.

तिने एक फाइल लावली.

"अवो, नळ आले! मोटर लावा!"

भाऊजी उठले. मोटर लावायला दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. पाठ आमच्याकडे.

ताई हसली. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली.

मी पर्समधून माझा पेनड्राइव्ह काढला. तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली. आधी कॉपी, मग बाकीचं.

बाकीचं फार नव्हतं. डिस्कमधलं सामान शाबूत होतं. मशीन सुरू होताना कुठे जायचं, तेवढं चुकलं होतं. ते दुरुस्त केलं.

"मी काई दाबू नको ना?" भाऊजींनी दारातूनच विचारलं.

ताईने लिहिलंसुद्धा नाही. नुसतं पाहिलं.

रीस्टार्ट. पुन्हा काळी स्क्रीन. ताईने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत.

मग दोन ओळी आल्या. एक लिनक्सची, एक विंडोजची.

प्रोग्रॅम तिचा आवाज शिकला. पुढे जेवढे दिवस मिळाले, ती त्यातून बोलली. भांडली. फोनवर गिऱ्हाइकांना प्रुफावरून झापलं.

आज सकाळी मी सेलूला गेले. भाऊजी कॉम्प्युटरसमोर बसले होते. प्रोग्रॅम उघडा होता. टाइप करायची चौकट रिकामी.

मी म्हटलं, "लिहा ना काहीतरी. बोलेल ती."

"बोलन. पन ते मी बोललो असं होईन. तिनं नाई."

वर्षभरात त्या चौकटीत त्यांनी एक अक्षर टाकलेलं नाही.

ताई, तुझ्या तोंडी आम्ही काही घालणार नाही.

सुखानं राह्यजो.