अल्लीपूरच्या गाड्या

"इथं तुला खूप शिकायला मिळेल," असं कंपनीचे साहेब म्हणाले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला दुसरं काही द्यायचं नसतं तो शिकायला मिळेल म्हणतो, असा माझा अनुभव. पण इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला सहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती, आणि काम पसंत पडलं तर कंपनी नोकरीत घेणार होती. आमच्या घरात कंपनीची नोकरी अजून कुणाला लागली नव्हती. तेव्हा पाल काय म्हणते ते न ऐकता मी बोरगाव मेघेहून रोज सकाळी दोन बस बदलून जाम गावाजवळच्या त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात जाऊ लागले.

दिवाळी नुकतीच झाली होती. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेरपर्यंत असे. माझं काम कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरकाकांच्या शेजारी उभं राहण्याचं. ओलावा मोजायचं यंत्र प्रत्येक गाडीत खुपसायचं, आकडा टॅबमध्ये भरायचा आणि त्याच्यापुढे काका काय म्हणाले तेही भरायचं. काका खांद्यापर्यंत हात गाडीत घालत, आतून चिमूटभर कापूस काढत आणि त्यातली सरकी दाताखाली फोडत. कट् असा आवाज आला की माल कोरडा, म्हणजे भाव पुरा. यंत्राचा आकडा स्थिर होईस्तोवर त्यांचं सांगून झालेलं असे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुले कोनं धाडलं इथं?"

"कॉलेजनं."

"कॉलेजले कापूस काय कराचा हाय?"

त्या दिवसापासून सरकी फोडताना ते माझ्याकडे पाठ करू लागले. आतूनच कापूस का काढता म्हटलं तर "सवय हाय." कोरडा कसा कळतो म्हटलं तर "कळते." मी वेळ सांगितली तरी ते स्वतःचं घड्याळ पाहून खात्री करून घेत. त्यांचं डोकं यंत्रात भरून त्यांना घरी बसवायलाच मला आणलंय, असा त्यांचा संशय होता. खरं सांगायचं तर माझाही तोच होता. नाहीतर यंत्राच्या आकड्यापुढे त्यांचा शब्द कंपनीला कशाला हवा? पण साहेबांना हे विचारलं की नोकरी गेली. मोठ्यावर संशय घ्यायला छाती लागते. माझी नव्हती, म्हणून मी माझा सगळा संशय काकांवर खर्च केला.

दोन महिन्यांचे आकडे जमल्यावर मला एक गोष्ट दिसली. यंत्र ओला म्हणतं आणि काका कोरडा म्हणतात, अशा बहुतेक गाड्या अल्लीपूरच्या. काका मूळचे अल्लीपूरचेच. तिकडचे शेतकरी त्यांना मामा म्हणत, आणि एकानं मागे त्यांना पिशवीभर तुरीच्या शेंगा आणून दिलेल्या मी पाहिल्या होत्या. झालं. मी रंगीत तक्ता केला, खाली दोन परिच्छेद लिहिले आणि कुणी मागितलेला नसताना साहेबांपुढे ठेवला.

"हे तू स्वतःहून शोधलंस?" साहेबांनी विचारलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या सोमवारी काका फाटकावर खुर्ची टाकून गाड्यांचे नंबर लिहीत बसलेले दिसले. त्यांच्या जागी यंत्र आणि मी.

त्याच आठवड्यात सकाळी अल्लीपूरच्या पहिल्याच गाडीत माझा पेन पडला. काढायला हात घातला तर वरचा कापूस गार, ओलसर लागला. पेन आणखी खाली घसरला, म्हणून खांद्यापर्यंत हात घातला. आत सगळं कोरडं होतं, उबदार होतं. मी तशीच उभी राहिले. अल्लीपूरच्या गाड्या लांबून येतात, पहिला नंबर लागावा म्हणून पहाटेच्या आधीपासून उघड्यावर उभ्या असतात. दव वरच्या थरावर पडतं, आणि माझं यंत्र वितीएवढंच आत जात होतं.

मी साहेबांना जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, काका बरोबर होते.

"रिपोर्ट वर गेलाय," ते म्हणाले. "तोंडी काही चालत नाही. दोन महिन्यांचे आकडे मी चुकीचे घेतले, असं लिहून दे, मी पाठवतो. फक्त तुझी नोकरीची शिफारस त्याच रिपोर्टवर केली आहे, तेवढं लक्षात ठेव."

कापसात केस पांढरे झालेल्या साहेबांना दव ठाऊक नसेल? मला अजून वाटतं, रिपोर्ट वाचला तेव्हाच त्यांना ते कळलं होतं. पण हा संशय माझ्या सोयीचा आहे, हेही मला कळतं. त्या संध्याकाळी मी चार ओळी टाइप केल्या आणि पुसल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी टाइप केल्याच नाहीत.

चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी फाटकातून मान खाली घालून जायची. एकदा काकांनी हाक मारलीच.

"काय वं, माह्यी चूक सापडली म्हने तुले?"

"चूक माझी होती, काका. दवानं वरचा कापूस ओला व्हायचा."

त्यांनी हातातला नंबर लिहून पुरा केला. मग म्हणाले, "तुले सांगाले पायजे होतं म्या. पन मले वाटलं, तू माह्यं काम घ्याले आली." आणि वही मिटून, "सायबाले सांगतलं?"

"सांगितलं."

"लिहून देल्लं?"

"हो," मी म्हणाले.

माझ्या साध्या बोलण्यावरही कधी विसंबले नव्हते ते काका. या वेळी मात्र लगेच मान हलवून म्हणाले, "मंग बलावतीन मले वापस." मला इतकी लाज वाटली की बस सोडून मी पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ऑफिसच्या दाराकडे तोंड करून ठेवलेली होती.

एप्रिलमध्ये नोकरीचं पत्र आलं. साहेबांनी ते लिफाफ्यात घालून माझ्या हातात दिलं. तो लिफाफा घेऊन मी ऑफिसातून बाहेर पडले आणि फाटकाकडे चालू लागले, तसे काका हात पुसत खुर्चीवरून उठले. त्यांना वाटलं, मी त्यांचं पत्र घेऊन येतेय.