मावशीच्या कुंपणातला मोगरा

रविवारी मावशीकडे काटे पेरायला गेलो होतो... म्हणजे खरोखरचे काटे!

मावशी गंगापूर रोडला, एका जुन्या कॉलनीतल्या बैठ्या बंगल्यात राहते. काका गेल्यापासून एकटीच. मागच्या महिन्यात कुणीतरी भिंतीवरून उडी मारून बागेतले पितळी नळ काढून नेले. नवे नळ बसवले, पण मावशी भरदुपारीसुद्धा मागचं दार उघडेना. पुण्याची ताई रोज फोनवर, "आई, घर बंद कर, इकडे ये." आणि मावशी हो म्हणायच्या बेतात आलेली...

भिंतीवर काचा लावू म्हटलं तर म्हणाली, "मांजरं चालतात रे तिथून." मग ठरलं, काटेरी झाडं लावायची. पण फुलणारी. "मला बाग हवीय, तुरुंग नको."

मी नर्सरीत जायला निघालो आणि धरणाकडे वळलो. (माझं असंच होतं.) तिथे बगळे बघत बसलो, मग एकाशी गप्पा... नर्सरीतून रिक्षात रोपं घालून आलो तेव्हा ऊन उतरलं होतं.

मावशीने एकेका रोपाचा काटा बोटाने दाबून पाहिला. करवंद पास. बेचकीसारखा दुहेरी काटा, वर पांढरी वासाची फुलं. ते मागच्या भिंतीला. राणी रंगाची बोगनवेल गेटवर. पिवळी कोरांटी खिडक्यांखाली. शेवटची पिशवी उचलून तिने माझ्याकडे पाहिलं.

"मोगरा? भटक्या, चोराला गजरा घालायचाय का?"

काय सांगणार... वास आला, घेतला.

आम्ही खड्डे खणत होतो तेवढ्यात बाजूच्या बुटक्या भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. "अहो, काटेरी झाडं घराला लावू नयेत. भांडणं होतात."

"भांडायला आहे कोण घरात?" मावशी म्हणाली. मग तीच हसली, "तुम्हीच येत जा भांडायला."

काकू गेल्यावर मी त्या बुटक्या भिंतीच्या कोपऱ्यात, तगरीच्या झाडाजवळ, करवंद ठेवलं. मावशीने हात धरला. "इथे नको."

"अगं, चोर इथूनच येईल की!"

तेव्हा कळलं. काकू रोज सकाळी छत्रीच्या मुठीने तगरीची फांदी ओढून देवाला फुलं नेतात. काका असताना यावरून कायम कुरबुर चालायची. पण काका गेल्यापासून काकू आधी हाक मारतात, "उठलात का हो?" आत्तापर्यंत मावशी खिडकीतूनच ओ द्यायची. ती ओ आल्याशिवाय काकू एका फुलाला हात लावत नाहीत.

त्या मोकळ्या जागेत आम्ही मोगरा लावला.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी झोपेतच हाक ऐकू आली... आणि पाठोपाठ मागच्या दाराची कडी काढल्याचा आवाज. "उठले हो! मोगऱ्याला पाणी घालतेय."

मी पांघरुणात तसाच पडून राहिलो. काकू, तुम्ही फेसबुकवर नाही, तरीही थँक यू.

आणि ताई, तू हे वाचशीलच. "करवंदं खाऊन मगच येते पुण्याला," असं आई काल तुला फोनवर म्हणाली ना? त्या रोपांना फळ धरायला काही वर्षं लागतात... तिला माहीत आहे.