अंगणात तपासलेला प्रबंध

"वर येऊ नकोस. तिथूनच वाच."

सर, माझे मार्गदर्शक, ओसरीवर आरामखुर्चीत. मी खाली अंगणात, उन्हात, एम.ए.चा प्रबंध हातात धरून. सांगलीतल्या त्यांच्या घरी बाकीची मुलं सरळ आत जायची, चहा पिऊन यायची. मला ओसरीची पायरी कधी चढू दिली नाही.

विषय माझाच होता. बौद्ध झाल्यावर कवठे महांकाळकडच्या आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावांनी मग त्यांचं पाणी तोडलं, रानातलं काम तोडलं. मी पायी फिरून हे सगळं विचारलं, लिहिलं.

शेवटचं प्रकरण 'अभ्यासातील उणिवा'. आपल्या कामाचं मूल्यमापन ज्यानं त्यानं स्वतः करायचं, अशी पद्धत. मी खरं तेच लिहिलं होतं. बायकांशी बोलणं कमी पडलं. काही गावं राहून गेली.

सर म्हणाले, "मुख्य उणीव कुठाय? लिही, संशोधक त्याच जातीचा असल्यामुळे निष्कर्ष एकांगी आहेत. मग सही करतो."

सहीशिवाय प्रबंध विद्यापीठात जात नव्हता. साताऱ्याच्या एका कॉलेजात नोकरीची आशा होती, तीही एम.ए. झालो तरच. मी "बरं सर" म्हणालो. मान खाली घालून म्हणालो!

वाटेत डोकं तापलं. वर्गातल्या एका इनामदाराच्या मुलानं स्वतःच्याच घराण्याच्या इनामावर प्रबंध लिहिला होता. हेच सर त्याला भर वर्गात म्हणाले होते, "घरचा माणूस, म्हणून इतकं आतलं कळलं." तो घरचा माणूस. आणि मी एकांगी?

माधवनगरच्या खोलीवर वडील नुकतेच गिरणीतून आले होते. सगळं ऐकून म्हणाले, "ढोरं वडायची सोडली तवा गावानं पानी तोडलं. ह्ये खोटं हाय व्हय?"

"न्हाई."

"मग तू का खोटं लिवतूस? आमी काय कुनाची सही घिऊन ढोरं सोडली न्हवती."

मी उणिवांचं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेलो. पायरी चढलो. ओसरीवर त्यांच्यासमोर उभा राहून मोठ्यानं वाचलं, "संशोधकाला वरच्या आळीत कुणी घरात घेतलं नाही. मुलाखती अंगणात उभं राहून घ्याव्या लागल्या. त्यामुळे सवर्णांची बाजू अपुरी राहिली. मार्गदर्शकांनीही हा प्रबंध अंगणातच तपासला."

सर ताडकन उठले. "खाली उतर आधी!"

मी उतरलो नाही. पान पुरं वाचलं, मगच निघालो.

सही मिळाली नाही. नोकरी दुसऱ्याला गेली. राग अजून तसाच आहे, आणि तो मला हवा आहे. दुसरा मार्गदर्शक शोधीन, नाही मिळाला तर प्रबंध तसाच राहील. त्या प्रकरणातला एक शब्दही बदलणार नाही. आणि माझं लिहिलेलं मी पुन्हा कुणाच्या अंगणात उभं राहून वाचणार नाही.